एक लांब, एक आखूड

लीलँड पोमारला मी पन्नास वर्षं ओळखते, आणि या पन्नास वर्षांत तो स्वतःहून माझ्याशी काही बोललाय असं मला आठवत नाही. गर्विष्ठ नाही हो माणूस. घुमाही नाही. तुम्ही बोला, तो बोलेल. "काय उकडतंय आज!" म्हणा, तो म्हणेल, "उकडतंय." "वारा पडलाय बघ," म्हणा, तो म्हणेल, "पडलाय." तुमचाच शब्द उचलून, पुसून तुमच्या हातात परत. नवा माणूस वैतागून जातो. मीही वैतागायचे, आणि माझा राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. पण त्याची बायको ओलेटा माझी जिवाची मैत्रीण, तेव्हा त्याला सांभाळून घेणं आलंच.

हा स्वभाव मुळातला की नोकरीने लावलेला, देव जाणे. चौतीस वर्षं तो आमच्या सेंट ऑगस्टीन गावच्या सिंहांच्या पुलावर होता, पुलाच्या मध्यावरच्या त्या छोट्या खोलीत. खाडीतून उंच डोलकाठीचं जहाज आलं की रस्ता अडवायचा, पूल दोन्हीकडून वर उचलायचा, जहाज गेलं की परत खाली घ्यायचा. हल्ली सगळे रेडिओवर बोलतात, पण लीलँड भोंग्याचा माणूस. जहाज भोंगा देतं, एक लांब, एक आखूड. म्हणजे, वाट द्या. पुलाने तोच भोंगा तसाच परत द्यायचा, एक लांब, एक आखूड. म्हणजे, देतो. देता येत नसेल तर पाच आखूड, लागोपाठ. म्हणजे, नाही, थांबा. विचारायचं जहाजाने, पुलाने फक्त उत्तर द्यायचं. पूल कधी आपणहून भोंगा देत नाही. चौतीस वर्षं रोज हेच केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

लग्नसुद्धा असंच झालं. ओलेटानेच विचारलं, "लग्न करायचं का रे?" तो म्हणाला, "करायचं." "ईस्टर झाल्यावर?" "ईस्टर झाल्यावर." ती अजून सांगताना हसते. म्हणते, मी चुकून 'आजच' म्हणाले असते तर आजच झालं असतं.

त्यांचं घर खाडीच्या अलीकडे, पुलाचा भोंगा स्वयंपाकघरात ऐकू येईल एवढ्यावर. तिचं सगळं घड्याळ त्या भोंग्यावर चालायचं. दहाचं जहाज गेलं की ही भाताचं पातेलं चढवणार. आधी जहाजाचा भोंगा यायचा, मग त्याचा. त्याचा आला की ही पुटपुटायची, "आहे माझा माणूस जागेवर," आणि पुढच्या कामाला लागायची. तीन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. तेव्हापासून पुलावर टेस नावाची एक चुणचुणीत पोरगी आहे. तिचा भोंगा झाला की लीलँड व्हरांड्यातल्या खुर्चीत मान हलवतो, पास केल्यासारखी.

मागच्या पावसाळी वादळात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. आमच्याकडे शिरतंच अधूनमधून. आम्ही चटया वाळत घालतो, भिंती धुतो आणि राहतो. पण त्यांची मुलगी रोवेना असते ओहायोत, जवळजवळ हजार मैलांवर, चोहीकडे मक्याची शेतं. टीव्हीवर आमचा रस्ता पाण्याखाली बघून तिने धसकाच घेतला. तिने तळघरातली खोली निळी रंगवून घेतली, दोन खाटा टाकल्या आणि फोन केला. तेव्हा ओलेटा ओट्याशी उभी होती, फोन मोठ्या आवाजावर होता, असं तीच सांगते.

"डॅडी, असं किती दिवस काळजीत राहायचं मी? तुम्ही दोघं इकडेच या राहायला. येताय ना?"

"येतोय," लीलँड म्हणाला.

झालं. पोरगी तिकडे आनंदाने रडायला लागली. अटलांटाचं एक जोडपं घर घ्यायला तयार झालं. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी दहाला वकिलाकडे सह्या ठरल्या. आणि मला हे सगळं कळलं सोमवारी, म्हणजे चार दिवस आधी! ओलेटाच्या स्वयंपाकघरात खोक्यांच्या मधे उभी राहून मी तिच्यावर एवढी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"ओरडून झालं?" ती म्हणाली. "बस मग. तुला एक दाखवते."

तिने एक खोकं उघडलं. आत तळाशी चार बशा. बाकी रिकामं.

"हे मी शनिवारी गच्च भरलं होतं," ती म्हणाली. "रात्री निजले, सकाळी बघते तर चमचे खणात, थर्मास खिडकीत, मासे धरायचं जाळं खिळ्यावर. रोज हेच चाललंय. मी भरते, तो काढतो. आणि तोंडातून चकार शब्द नाही."

"म्हणजे त्याला जायचं नाहीये!"

"मलाही तसंच वाटतंय."

"आणि तुला?"

ओलेटाने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "मला तिथे काय ऐकू येणार गं, नेल? मका?"

"अगं मग सांग ना त्याला! म्हण, नको जाऊ या!"

"मी 'नको जाऊ या' म्हणाले की तो म्हणणार, 'नको जाऊ या.' रोवेना 'या' म्हणाली, तो 'येतोय' म्हणाला. माझं मलाच परत मिळणार. मला त्याचं हवंय. पंचेचाळीस वर्षं मीच विचारत आले. आता एवढी एक गोष्ट त्याने आपल्या तोंडाने सांगावी. नाही सांगितली, तर शुक्रवारी सही करणार मी. पोरीचं मन मोडायचं तर निदान त्याच्या इच्छेसाठी तरी मोडायचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण बाईने पुढचाही बेत करून ठेवला होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन दिवस ते दोघं गाव बघणार. आपलंच गाव, पाहुण्यांसारखं. दीपगृह, किल्ला, झरा, सगळं. "घरात तो बोलत नाही," ती म्हणाली. "बाहेर पडलं, वारा लागला की निसटेल काहीतरी तोंडून. आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस. शपथ घे."

घेतली शपथ. आयुष्यात एवढी जड शपथ मी दुसरी घेतली नाही.

आता माझं सांगायचं तर मी पाहुण्यांना गाव दाखवायची ती लांबलचक उघडी गाडी चालवते आणि चालवता चालवता माइकवर माहिती सांगते. तीन दिवसांचं तिकीट मिळतं, कुठेही चढा, कुठेही उतरा. तिकीट काढलं की छातीवर एक गोल हिरवा स्टिकर लावावा लागतो. आम्ही मिनॉर्कन लोक, अडीचशे वर्षं झाली आमच्या खापरपणजोबांना समुद्रापलीकडच्या बेटावरून इथे येऊन. आमच्यापैकी कुणी छातीवर तो हिरवा स्टिकर लावून फिरलंय असं कुणी पाहिलेलं नाही. मंगळवारी सकाळी पहिल्या थांब्यावर ही दोघं उभी. ओलेटा नव्या गवती हॅटमध्ये, लीलँड पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, आणि दोघांच्या छातीवर हिरवे स्टिकर. समोरच्या बेकरीतून माझा भाचा ओरडला, "काय मिस्टर लीलँड, कुठल्या गावचे?"

"कुठल्या गावचे," लीलँडने मान डोलावून परत केलं आणि गाडीत चढला.

हसले मी, पण गाडी जरा घाईनेच काढली.

त्या आठवड्याचं ऊन मी कधी विसरणार नाही. वादळं येऊन गेली होती, हवेतला चिकटपणा गेला होता, उन्हाला धार नव्हती. खाडीतल्या गवताचा हिरवा रंग जाऊन पिवळा यायला लागला होता. ओक झाडांवरून लोंबणारं शेवाळ अगदी हळू हलत होतं, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसं. बावीस वर्षं मी या रस्त्यांवरून गाडी चालवते, मला वळणं पाठ आहेत. पण आरशात मागच्या सीटवर ती दोघं दिसायची, हातात हात, मान वर करून शाळेतल्या मुलांसारखी बाल्कन्या बघणारी, आणि मलाही वाटायचं की हे आपलं गाव नव्हेच. कुणाच्या तरी स्वप्नात आपण चुकून शिरलोय. जरा जोरात बोललं तर ते जागं होईल. मी माइकवर आवाज खाली केला. पाहुणेसुद्धा गप्प बसून ऐकायला लागले, जे एरवी कधी होत नाही.

तारुण्याच्या झऱ्यावर दोघं उतरली. गंधकाचं पाणी ते, प्यालं की माणूस तरुण होतो म्हणे, कुजक्या अंड्यासारखा वास मारतं, पाहुणे नाक धरून एक घोट घेतात. ओलेटा म्हणाली, "अजून एक पेला?" लीलँड म्हणाला, "अजून एक पेला." असे तीन झाले. शेवटी तिलाच दया आली.

दुपारी दीपगृह. दोनशे एकोणीस पायऱ्या. मी खाली थांब्यावर गाडी लावून वाट बघत बसले होते. तासाभराने ओलेटा उतरली ती धापा टाकत थेट माझ्याकडे.

"बोलला!" तिने माझं मनगट धरलं. "स्वतःहून!"

"काय म्हणाला?"

"वर वारा होता नुसता. मी काही बोललेच नाही मुद्दाम. तो आपला पूल बघत होता. एवढा एवढासा दिसतो तिथून. पूल उघडला, जहाज गेलं, पूल मिटला. आणि हा म्हणाला, 'इथून ऐकू येत नाही.'"

"एवढंच?"

"एवढंच. पण मी काही विचारलं नव्हतं, नेल. डोळे भरून आले होते गं त्याचे."

लीलँड मागून सावकाश येत होता, कठड्याला हात लावत. मी मान वळवून आरसा पुसायला लागले. मला त्याला खडसवावंसं वाटत होतं, अरे बाबा, पुढचंही बोल की! शपथ आडवी आली.

बुधवारी मात्र माझा तोल गेला. शपथ मोडली नाही मी, फक्त कडेने गेले. गाडी पुलाजवळ आली. तिथे कंपनीने लिहून दिलेलं सांगायचं असतं, संगमरवरी सिंह कुणी आणले, कधी आणले. मी म्हटलं, खड्ड्यात गेले सिंह.

"मंडळी," मी माइकवर म्हणाले, "या पुलावर एक माणूस चौतीस वर्षं होता. येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याने वाट दिली. नाही म्हणाला तो एकदाच. शहाऐंशी साली. एक मोठं शिडाचं जहाज भरतीच्या ओढीने सरळ पुलाकडे येत होतं, भोंगा देत होतं. आणि पुलाच्या बरोब्बर सांध्यावर एक नवरी गाडीतून उतरून फोटो काढत उभी! रस्त्याची फाटकं पडलेली, घंटा वाजतेय, बाई हलेना. या माणसाने पाच आखूड भोंगे दिले. नाही, थांबा. जहाजाने नांगर टाकला, किंचाळत थांबलं. नवरी वाचली. तिच्या झग्याचा घोळ तेवढा फाटला."

"मिस नेल, तो माणूस अजून आहे का?" पुढच्या सीटवरून एकाने विचारलं.

"मागच्या सीटवर बसलाय."

गाडीभर टाळ्या. लीलँडचे कान लाल. मी जे सांगितलं नाही ते हे, की त्या दिवशी ओलेटा स्वयंपाकघरात होती. पाच आखूड ऐकले आणि हातातलं उलथनं तसंच घेऊन अनवाणी पुलापर्यंत पळत आली. नाही म्हणायची वेळ आली म्हणजे आपल्या माणसावर काय बेतलंय, असं तिला वाटलं.

मिशिगनची की कुठली एक गोड म्हातारी मागे वळून म्हणाली, "किती भाग्यवान तुम्ही! मी असते ना, तर हे गाव कधीच सोडलं नसतं."

"कधीच सोडलं नसतं," लीलँड म्हणाला.

मी गचकन ब्रेक दाबला. पुढच्या थांब्यावर उतरून ओलेटाला गाठलं. "ऐकलंस ना? ऐकलंस ना तू?"

"तिने म्हटलं म्हणून म्हणाला," ती म्हणाली. "ते धरायचं नाही."

"काय हट्टी बाई आहेस गं!"

"आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मी परत गाडीत जाऊन बसले.

त्याच दुपारी समुद्राच्या रस्त्याने जाताना कुणीतरी वाळूवरून आरोळी ठोकली, "मलेट! मलेट आला!" आता हे ज्याला माहीत नाही त्याला कसं सांगू. शरदात मलेट मासा थव्याने किनाऱ्याला लागतो, आणि तो दिसला की आमच्या माणसाने हातातलं काम टाकायचं. न्हाव्याने अर्धी दाढी टाकायची, पाद्र्याने प्रवचन. मी गाडी बाजूला घेतली, बत्तीस पाहुण्यांसकट. सीटखाली माझं जाळं असतंच.

लीलँड उतरून पाण्याच्या कडेला उभा राहिला होता. पांढरे बूट भिजत होते, त्याला पत्ता नव्हता. लाटेच्या पोटात माशांचा तो करडा पट्टा सरकत होता. मी काही न बोलता जाळं त्याच्या हातात दिलं. त्याने जाळ्याच्या कडेचा शिशाचा एक मणी दातांत धरला, जाळं खांद्यावर घेतलं, अर्धा वळला आणि फेकलं. पूर्ण गोल उघडलं ते. हवेत क्षणभर तसंच राहिलं असं मला वाटलं, सूर्य त्याच्या भोकाभोकांतून दिसत होता. मग पडलं पाण्यावर. एकाहत्तर वर्षांचा माणूस! बारा मासे निघाले. त्याने ते वाटून टाकले, जाळं समुद्राच्या पाण्यात खळबळून घेतलं, त्याच्या पद्धतीने घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. सोडता सोडेना. मी वाट बघत होते. ओलेटा चार पावलांवर वाट बघत होती. त्याचे ओठ हलले.

"ओलं आहे," तो म्हणाला. "सीटवर ठेवू नकोस."

संध्याकाळी मी घरी येऊन दार आपटून घेतलं आणि एकटीच बसून रडले. नवरा गेल्यापासून रविवारचं जेवण मी त्यांच्याकडे जेवते. दातिल मिरची घातलेला ओलेटाचा कोळंबीभात, आणि समोर तो मुखदुर्बळ माणूस. शुक्रवारनंतर मी रविवारी कुठे जायचं, हे काही मला कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवार उजाडला. शेवटचा दिवस. खाडीत फिरवणारं एक दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज आहे, त्याचा कप्तान रस्टी आंद्रू. मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. ओलेटा नको म्हणाली नाही. जहाजावर वीसेक पाहुणे, कुणी उन्हात डुलक्या घेतंय, कुणी बाकाच्या फळीवर बोटं वाजवतंय. वारा मंद. किल्ल्याच्या शिंपल्यांच्या दगडाच्या भिंती उन्हात अगदी मऊ दिसत होत्या, बोट लावलं तर खूण उमटेल अशा. पाणपक्षी खांबांवर बसून झोपले होते. गाव एका बाजूने हळूहळू सरकत गेलं, चर्चचा मनोरा, आमची गाडी, बेकरी, त्यांच्या घराचं पत्र्याचं छप्पर. ओलेटा ते छप्पर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग तिने हॅट काढून मांडीवर ठेवली. मला कळलं की तिने आशा सोडली. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त थकवा होता.

"मिस्टर लीलँड!" रस्टीने सुकाणूवरून हाक मारली. "चौतीस वर्षं मी विचारत आलो, तुम्ही सांगत आलात. आज तुम्ही विचारा. या इकडे."

मला काही केल्या विश्वास बसेना, पण खरंच, पुलावर जन्म काढलेला हा माणूस पुलाखालून कधी गेला नव्हता. रस्टीने भोंग्याची दोरी त्याच्या हातात दिली. समोर पूल वाढत वाढत येत होता. मधल्या खोलीच्या काचेवर ऊन चमकत होतं, आत टेसची आकृती दिसत होती. लीलँडने दोरी धरली आणि तसाच उभा राहिला. हाताला सवय नव्हती. विचारायची सवय त्याच्या अंगात कुठेच नव्हती.

ओलेटा उठून त्याच्याजवळ गेली. त्याच्या कॉलरची घडी नीट केली. शांतपणे म्हणाली, "उद्या दहाला निघायचं, लीलँड."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. आम्हाला दोघींनाही माहीत होतं काय येणार ते.

"निघाय..." तो म्हणाला, आणि थांबला.

पंचेचाळीस वर्षांत त्याने कुणाचा शब्द अर्धा टाकला नव्हता. त्याने ओठ मिटले. मग त्याने दोरी ओढली. मला वाटलं, लांब येणार. आखूड आला. मग दुसरा आखूड. तिसरा. चौथा. पाचवा दिला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी दोरी धरली होती.

काय गोंधळ उडाला म्हणता! खांबांवरचे सगळे पक्षी एकदम उडाले. डुलक्या घेणारे धडपडून उठले, एका माणसाने तर जीवरक्षक जाकीट डोक्यातून अडकवून घेतलं. रस्टीने आईबाप काढत इंजिन उलटं टाकलं. "अहो काय केलंत हे! परवाना जाईल माझा!" वर पुलावर टेस दुर्बीण घेऊन कठड्याशी धावत आली. रेडिओ खरखरला, "काय झालं? कुणी पडलं का पाण्यात? सांगा, काय झालं?"

लीलँड दोरी धरून तसाच उभा होता, गालांवरून पाणी वाहत होतं. मी पुढे झाले, पण ओलेटा माझ्याआधी पोचली. तिने रस्टीच्या हातातला रेडिओ हिसकावून घेतला.

"काही नाही गं, टेस," ती म्हणाली, आणि तिला धड बोलता येईना, हसणं की रडणं तेच कळेना. "काही झालं नाही. माझा नवरा नाही म्हणाला."

रेडिओ पुन्हा खरखरला. मग टेस म्हणाली, "मिस्टर लीलँड? नाही म्हणाले?"

"हो. पाच वेळा."

रस्टीने सगळं ऐकलं, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. मग त्याने स्वतःच नीट भोंगा दिला, एक लांब, एक आखूड. वरून टेसने उत्तर दिलं. फाटकं पडली, घंटा वाजली, पूल हळूहळू दुभंगून वर गेला. आम्ही खालून गेलो. लीलँड मान मागे टाकून पुलाचं पोट बघत होता, ते दातेरी चक्र, ते वंगण, चौतीस वर्षं त्याच्या पायाखाली असलेलं सगळं. ओलेटा पूल बघतच नव्हती.

उद्याच्या सह्या रद्द, एवढं वकिलाला फोन करून कळवलं. पण रोवेनाला सांगणं सोपं नव्हतं. निळी खोली, दोन खाटा, आणि तिची काळजी काही खोटी नव्हती. संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात, रिकाम्या खोक्यांच्या मधे उभे. ओलेटाने फोन उचलला, आणि लीलँडने तो तिच्या हातातून काढून घेतला. नंबर त्याला पाठ नव्हता, भिंतीवरचा बघून एकेक आकडा लावला. आयुष्यात त्याने पोरीला फोन लावला नव्हता. तिचा यायचा, तो उत्तर द्यायचा.

"हॅलो, रोवेना? मी डॅडी."

तिकडून किंकाळीच आली. "डॅडी? कोण गेलं? मॉम कुठाय?"

"मॉम इथे आहे. कुणी गेलं नाही," तो म्हणाला. मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं, खाडीकडे, आणि जेवढं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं तेवढं बोलला. "मी येत नाही, पोरी. येतो म्हणालो ते तुझंच तुला परत दिलं, माझी चूक झाली. मला इथेच राहायचंय. पाणी आलं तर येऊ दे. तू ये नोव्हेंबरात. मलेट असतो. तुला जाळं फेकायला शिकवायचं राहिलंच."

फोन मोठ्या आवाजावर होता. आम्हाला रोवेनाचा श्वास ऐकू येत होता. ती चिडली असणार, दुखावली असणार, दोन्ही बरोबरच.

"नोव्हेंबरात?" ती शेवटी म्हणाली.

"नोव्हेंबरात," लीलँड म्हणाला.